पोलिसी सवाल

गेल्या महिन्यात धाराशिवला माझ्या घरी तीन तरुण मुलं आली. दुर्गम वस्त्यांवरच्या आदिवासी मुलांचं शिक्षण कसं सुधारेल, यावर त्यांचं संशोधन चाललंय. सोफ्यावर बसली, पाणी प्यायली, आणि त्यांतल्या मुलीनं हातातल्या टॅबवर बोट ठेवून मला विचारलं, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा." माझं पूर्ण नाव त्या टॅबवर वरच्याच ओळीत होतं, मला चष्म्याशिवाय दिसत होतं. दारावरच्या पाटीवरही ते आहे, तेच वाचून ती आत आली होती. मी गप्प बसले. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा तर जवळ सरकून माझ्या कानाशी तोंड आणलं. तेव्हा माझ्या सुनेनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून सांगितलं, "त्यांना ऐकू येतं. प्रश्न बदला." सून बरीच वर्षं माझ्याबरोबर राहतेय, तिला माझं सगळं ठाऊक आहे.

ती मुलं गेल्यावर मला वाटलं, हे एकदा लिहून ठेवावं. नाहीतर माझ्यामागं लोक म्हणतील, बाई खडूस होती. खडूस तर मी आहेच. पण त्याला कारण आहे, आणि ते कारण मला कुणापासून लपवायचं नाही.

आम्ही फासेपारधी. आमचा बेडा, म्हणजे आमची वस्ती, येडशी स्टेशनच्या पलीकडं, रामलिंगच्या डोंगराच्या कडेला होता. आठ-दहा झोपड्या, त्यांवर उसाचं पाचट, त्यावर पोती आणि पोत्यांवर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दगड. सकाळी पहिली शिट्टी गाडीची, मग कोंबडे, मग आयच्या तव्याचा आवाज. आय भाकरी तव्यावर टाकताना दोनदा हात आपटायची, त्या आवाजानं आम्ही उठायचो. भाकरीबरोबर हुलग्याचं माडगं, अंबाडी निघाली की अंबाडी, आणि दगडावर रगडलेला ठेचा. सीताफळं पिकली की आय पाटी घेऊन स्टेशनावर जायची आणि न विकली गेलेली फुटकी फळं आमच्या पुढ्यात ओतायची. त्या दिवसांत आमच्या भाकऱ्या उरायच्या. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती मराठी नव्हे. इथं मी ते बोलणं तिकडच्या मराठीत लिहितेय, कारण आमची बोली वाचून कळेल असं माझ्या नातवंडांतही आता कुणी नाही.

बा तित्तराचा आवाज काढायचा. असा काढायचा की ज्वारीतून खरा तित्तर त्याला उत्तर द्यायचा. त्याचे फासे मात्र आढ्याला गुंडाळून ठेवलेले होते. जंगलखात्यानं शिकार बंद केल्यापासून त्यानं ते खाली काढले नव्हते. तो गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या ज्वारीची राखण करायचा. रानात उंच माळा बांधलेला, त्यावर दिवसभर बा आणि त्याची गोफण. गंमत बघा, त्या शेतकऱ्याचं सगळं पीक बाच्या भरवशावर उभं असायचं, आणि चार कोसांवर कुणाची शेळी हरवली तरी पोलिसांची जीप आमच्याच बेड्यावर यायची.

म्हणून बेड्यात एक नियम होता. पोरगं बोलायला लागलं की पहिला तोच शिकवायचे. ज्याला उत्तर आधीच ठावं आहे, त्यानं विचारलं तर तोंड उघडायचं नाही. पोलीस तसंच विचारायचे. नाव काय? बाप कोण? काल कुठं होता? सगळं त्यांच्या वहीत असायचं. खरं सांगितलं तरी मार, खोटं सांगितलं तरी मार. आय त्याला पोलिसी सवाल म्हणायची. आणि नियमाची दुसरी बाजूही तितकीच पक्की होती. ज्याला खरंच ठावं नाही, वाट चुकलाय, पाणी शोधतोय, त्यानं विचारलं तर उत्तर द्यायचंच, मग तो वैरी का असेना. आमच्यात एकमेकांनाही कुणी फुकटचं विचारत नसे. "जेवलास का?" असं आय कधी म्हणाली नाही. तिला दिसायचं ना, जेवलाय की नाही ते.

पोलिसापुढं मी एकदा तोंड उघडलं. सहाएक वर्षांची असेन. सकाळी जीप आली, गडीमाणसं आधीच रानात पांगलेली. एक हवालदार माझ्याजवळ उकिडवा बसला. त्यानं खिशातून लिमलेटची गोळी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि लाडानं विचारलं, "बाबा कुठं हाय गं तुजा?" मला वाटलं, याला खरंच ठावं नाही. आणि खरंच ठावं नव्हतं त्याला. म्हणजे नियमानं मी सांगायलाच हवं होतं, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आले. मी ज्वारीकडं हात केला. म्हणाले, "माळ्यावर." बाला तिथून खाली ओढून नेलं. ज्या चोरीसाठी नेलं, ती दुसऱ्याच कुणीतरी केली होती, हे पुढं निघालं. पण बा घरी आला तेव्हा त्याची डावी करंगळी वाकडी झालेली होती, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. कुणी सांगितलं, हा विषय बेड्यात कुणीच काढला नाही. मी कुणाला सांगितलं नाही. गोळी मी खाल्ली होती, तिची चव आजही आठवते आणि स्वतःचा राग येतो.

त्याच वर्षी मला शाळेत घातलं. स्टेशनच्या अलीकडच्या गावात चार वर्गांची शाळा, दोन खोल्या. आमच्या बेड्याची पोरं जायची, आठवड्याभरात परत यायची. मी टिकले, कारण मला खडूचा आवाज आवडायचा, आणि गुरुजी फळ्यावर काढायचे ती अक्षरं आवडायची. पण शाळेत सगळे सवाल पोलिसीच निघाले. "दोन नि तीन किती?" गुरुजींना ठावं असायचं. "गाईला किती पाय?" गाय खिडकीबाहेर उभी असायची. मी गप्प. हातावर छडी बसली तरी गप्प. मारानं तर माझी खात्रीच पटायची. शुद्धलेखन घातलं की माझं अक्षर न् अक्षर बरोबर यायचं, पण "खालील प्रश्नांची उत्तरे लिहा" म्हटलं की मी सगळे प्रश्न सुबक उतरवून घ्यायची आणि खाली पाटी कोरी. गुरुजी तसे वाईट नव्हते. मधल्या सुट्टीत मी पोरींशी तोंडभरून बोलते हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांना जास्तच चीड यायची. "ठोंब आहे, मुद्दाम करते," म्हणायचे. तीन वर्षं त्यांनी मला पहिलीतच बसवलं. माझा धाकटा भाऊ लक्ष्या माझ्या शेजारी येऊन बसला तरी मी पहिलीतच.

अशात मॅडम आल्या. विद्यापीठातून आल्या होत्या, वयानं तरुण, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत छापील कागदांचा गठ्ठा. आमच्या पोरांचं शाळेत का जमत नाही, यावर त्यांना अहवाल लिहायचा होता. गावात खोली घेऊन राहिल्या आणि रोज बेड्यावर यायला लागल्या. चित्रं दाखवायच्या. "हे काय आहे?" चित्रात कोंबडी. पोरं एकमेकांकडं बघायची, बाईला कोंबडी ठावं नाही व्हय? मग नावं विचारायला लागल्या. नाव म्हटलं की पोलीस, हे आमच्या हाडात बसलेलं, त्यामुळं प्रत्येकानं रोज नवं नाव सांगितलं. लक्ष्यानं तर एका आठवड्यात इतकी नावं घेतली की त्यालाच आठवेनात. शेवटी मॅडमच्या वहीत बेड्यावर होती त्याहून कितीतरी जास्त पोरं झाली. त्या झोपड्या पुन्हा पुन्हा मोजत हिंडताना मी पाहिलंय.

माझा कागद मात्र कोरा होता. एकदा त्या पाणी प्यायला उठल्या तेव्हा मी तो वाचला. नावापुढं गुरुजींनी सांगितलेलं नाव, आणि खाली, "प्रतिसाद नाही. आकलन कमी." मला 'आकलन' म्हणजे काय ते कळलं नाही, 'कमी' मात्र कळलं. त्याच आठवड्यात गुरुजींनी आयला बोलावून सांगितलं, "या साली शाळाखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला येतील. मॅडमचा कागद बघतील, हिला चार प्रश्न विचारतील. बोलली नाही तर पटावरून नाव कमी करावं लागेल. माझा इलाज नाही."

आय घरी येऊन चुलीपुढं बसली. म्हणाली, "रेशमे, नाव कमी झालं तर उद्यापासनं पाटी घ्यायची डोक्यावर. तुजी आत्या दोनदा इचारून गेली हाय, तिच्या पोरासाटी. म्या किती दिस थांबवू?" पण मला शाळा हवी होती. पाटी, खडू, ती खिडकी, सगळं हवं होतं.

दोन दिवसांनी दुपारी मी बाची भाकरी घेऊन रानात चालले होते. ज्वारी पुरुषभर वाढलेली. समोरून मॅडम आल्या, घामाघूम, पिशवी छातीशी धरलेली. मला बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, जवळची वाट म्हणून रानात शिरले आणि मला वाटच सापडेना. तासभर फिरतेय. स्टेशनाकडं कुठून जायचं?"

मी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. खरंच ठावं नव्हतं त्यांना.

"हितनं सरळ जावा," मी म्हणाले. "म्होरं बाभळ लागंल, तिच्याखाली इहीर हाय. पर तितनं जाऊ नगा, तितं कुत्रं सुटं असतंय, लई चावरं हाय. बांधानं डाव्या अंगाला वळा. ज्वारी सरली की तुरी लागतील, तुरीच्या पल्याड रूळ दिसतोय. रुळाच्या कडंकडंनं जावा, मदी जाऊ नगा, मालगाडीची येळ झालीय."

मॅडम बांधावर बसल्याच. "तू बोलतेस?"

"तुमी आज इचारलं."

"अगं, रोज विचारते मी."

"रोजचं तुमाला ठावं असतंय," मी म्हणाले. "कोंबडी ठावं असती. गुरुजींनी सांगितलेलं नाव ठावं असतंय. पोलीस बी असंच इचारत्यात."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "शाळेत तसंच विचारतात गं. तुला येतंय का, ते बघायला."

"येतंय का बगायचं तर शिकवून बगा. इचारून काय व्हतंय?"

"मग तुला किती कळतं, ते मी कसं ओळखू? खरंच सांग. मला माहीत नाही."

हा सवाल खरा होता, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं, आणि उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं. भाकरीचं फडकं या हातातून त्या हातात करत मी म्हणाले, "आमाला इचारू द्या. तुमी सांगा."

दुसऱ्या दिवशी मॅडम बेड्यावर कागद न काढता बसल्या. मग लक्ष्यानं विचारलं, आगगाडी उलटी जाते तेव्हा डायवर पाठीमागं कसं बघतो? आणि मग पोरं थांबेचनात. समुद्र खारट का, मॅडमला नवरा का नाही, पाटलाच्या पोराला शाळेत पुढं का बसवतात. त्या उत्तरं देत होत्या, नाही आली की तसं सांगत होत्या. त्यांनी "माहीत नाही" म्हटलं की पोरं खूश व्हायची, अख्ख्या शाळेत हे कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी मी विचारलं, "आमी चोर हाव, असं पयल्यांदा कुणी लिवलं? त्यो कागद कुठं हाय?"

मॅडमनी हळू सांगितलं, "जुन्या राजवटीत तसा कायदा होता. स्वातंत्र्यानंतर तो रद्द झाला."

"मंग हवालदाराला कुणी सांगितलं न्हाय का?"

मॅडमनी हा प्रश्न वहीत लिहून घेतला. पुढं त्यांचा अहवाल छापला तेव्हा एक प्रत मला पोस्टानं आली, त्यात शेवटी आमचे सगळे प्रश्न जोडलेत. हा पहिला आहे. मी जन्मभर मास्तरकी केली, कितीतरी तपासण्या आणि शिबिरं पाहिली, आणि जो कुणी साहेब आमच्या लोकांच्या शिक्षणावर बोलायला उभा राहिला त्याला हा प्रश्न विचारला. मला पुढच्या वेळी बोलावत नसत. बोलावू नका.

डिप्टीसाहेब आले त्या दिवशी शाळा सारवलेली, दाराला तोरण. जाडजूड माणूस, आवाज घोगरा. मॅडम कोपऱ्यात खुर्चीवर. माझी पाळी आली. मॅडमनी सकाळी हात जोडायचे बाकी ठेवले होते, "रेशमा, आजच्या दिवस तेवढं उत्तर दे." मी देणारही होते, खोटं कशाला सांगू. आत्याच्या पोराचं तोंड डोळ्यांपुढं होतं.

"आपल्या जिल्ह्याचं नाव काय?" साहेबांनी विचारलं.

मला येत होतं. जिभेवर होतं. आज त्या प्रश्नाचं उत्तर बदललंय, जिल्ह्याचं नावच वेगळं झालंय, त्यामुळं तेव्हा न दिलेलं एक उत्तर तरी वाया गेलं नाही. साहेब माझ्याकडं न बघता पटाकडं बघत होते. बोट माझ्या नावावर, शेजारी पेन उघडं. हवालदारही वहीवर असंच बोट ठेवायचा. माझं तोंड मिटलं ते मिटलंच.

"अजून एकदा सांगतो," साहेब म्हणाले. "जिल्ह्याचं नाव?" मग गुरुजींकडं वळून, "तीन वर्षं पहिलीत? करा कमी."

त्यांनी पेन टेकवलं आणि मी म्हणाले, "सायेब, तुमाला ठावं न्हाय ते इचारा."

गुरुजींचा हात छडीकडं गेला. सगळी शाळा माझ्याकडं बघत होती. मी नजर खाली घातली नाही. साहेबांनी पेन उचललं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. ते रागावलेत की हसतायत, कळेना.

"बरं," ते म्हणाले. "मला ठाऊक नाही असं विचारतो. तीन वर्षं तू बोलली का नाहीस?"

हे त्यांना खरंच ठावं नव्हतं. मीच मागून घेतलं होतं. आता नियमानं सांगायलाच हवं होतं, आणि बेड्यात, घरात, आयलाही जे सांगितलं नव्हतं ते गावातल्या सगळ्या पोरांपुढं, लक्ष्यापुढं सांगायचं होतं.

"म्या एकदा बोलले," मी म्हणाले. "पोलिसानं इचारलं, बा कुठं हाय. म्या सांगितलं. त्यास्नी धरून न्हेलं, बोट मोडलं. त्येंनी काय केलं नव्हतं. तवापासनं म्या बोलत न्हाय. उत्तर मला येतंय. दोन नि तीन पाच व्हत्यात. गाईला चार पाय. नदी तेरणा. जिल्हा बी ठावं हाय. पर सांगणार न्हाय."

गुरुजींनी छडी टेबलाखाली सरकवली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि घसा खाकरून म्हणाले, "हिला तिसरीत बसवा, गुरुजी. आणि तयारी करून येत चला वर्गात, ही विचारणार आहे." मॅडमनी पिशवीतून माझा कागद काढला, "आकलन कमी" वर आडवी रेघ मारली आणि तो मला दाखवून परत ठेवला.

शाळा सुटल्यावर लक्ष्या घरी सांगायला माझ्याआधी पळाला. मी बेड्यावर गेलेच नाही, सरळ रानात गेले. पाखरं ज्वारीवर उतरायची वेळ, बा माळ्यावर गोफण घेऊन उभा होता. मी शिडी चढून वर गेले आणि त्याच्या पायांकडं बघत म्हणाले, "बा, त्या दिशी तुमी माळ्यावर हायसा, ते म्या सांगितलं व्हतं. हवालदाराला."

बानं गोफण खाली केली. "ठावं व्हतं," म्हणाला.

"कवापासनं?"

"तवाच. जीपमदी बसल्या बसल्या हसून सांगितलं त्यानं मला, तुज्या पोरीनंच दावलं म्हून."

"मंग मला कंदीच इचारलं का न्हाय?"

बा माझ्याकडं बघायला लागला, मी काहीतरी खुळ्यासारखं बोलल्यागत. "ठावं असलेलं काय इचारायचं?" म्हणाला.

मला रडू फुटलं. तीन वर्षांचं होतं ते, थांबेना. बानं समजूत काढली नाही, त्याला ते जमत नसे. वाकड्या करंगळीच्या हातानं त्यानं गोफणीत दगड घातला, फिरवला, ज्वारीच्या त्या टोकाला सोडला, आणि पाखरांचा थवा उठून रुळाकडं गेला. मग तो माझ्याजवळ फळीवर बसला.

"आता तिसरीत काय शिकवत्यात, त्ये सांग," तो म्हणाला. "त्ये मला ठावं न्हाय."